फेअर म्हणणारा माणूस

ओनी फॉकनरला त्या सकाळच्या झुंजीला पंच म्हणून बोलावलं ते त्याचं कुणाशी नातं नव्हतं म्हणून नाही, दोन्हीकडे सारखंच होतं म्हणून. धाकटी बहीण नॅन पर्सेलांकडे दिलेली, थोरली मुलगी विनी कॉलींकडे. नॅनला पाच मुलं, विनीला तीन. पण नॅनचा एक मुलगा इंग्लंडला जाऊन तिकडचाच झाला होता आणि विनीला पुन्हा दिवस गेले होते, तेव्हा पारडी जवळपास समान आली होती. घोडे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आपल्या लोकांत ज्याचं कुणाशीच नातं नाही असा माणूस शोधायला निघालात तर तो दफनभूमीतसुद्धा सापडत नाही. मग निदान तराजूचा काटा मधोमध असलेला शोधायचा. दोन्ही घराण्यांनी वेगवेगळे निरोप धाडले, आणि दोन्ही निरोपांत नाव एकच होतं.

'फेअर' हा शब्द आपल्याकडे दिवसभर तोंडात असतो. आभाळ निवळलं की हवा फेअर, विनीच्या पोरीचे केस पिवळे म्हणून पोरगी फेअर, घोड्याचा सौदा दोघांनाही थोडाथोडा झोंबला की तो सौदा फेअर. समोरच्याशी वाद घालायचा कंटाळा आला की 'फेअर इनफ' म्हणायचं आणि चहा ओतायचा. इतका वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द. पण दोन माणसं शर्ट काढून रस्त्यात उभी राहिली की त्या शब्दाला एकच मालक उरतो, तो म्हणजे पंच. झुंज संपल्यावर तो 'फेअर होती' म्हणाला की भांडण तिथंच मिटतं आणि बायका पुन्हा एकमेकींच्या बारशांना जातात. 'नव्हती' म्हणाला तर पुढच्या पिढीच्या हातांना काम मिळतं. बावीस वर्षांत ओनीनं एकतीस झुंजींना शब्द दिला होता आणि एकाही माणसानं तो परत केला नव्हता.

त्या एकतिसांतली पहिलीच झुंज फेअर नव्हती, हे जिवंत माणसांपैकी दोघांनाच ठाऊक होतं. एक ओनी. दुसरा मायली कॉली, ज्याचा डोळा गेला होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

ती झुंज ऑक्टोबरातल्या घोड्यांच्या बाजारात झाली होती, बर्नी पर्सेल आणि मायली कॉली यांच्यात. ठरलेला पंच दारू पिऊन गाडीखाली आडवा झाला म्हणून चाळिशीतल्या ओनीला ऐन वेळी पुढं ढकलला. मैदानात दोन्हीकडचे मिळून तीनेकशे लोक, बऱ्याच जणांच्या हातांत फावडी आणि कुंपण छाटायचे कोयते. अर्ध्या तासानं दोघं दमून एकमेकांना बिलगले, आणि बर्नीचा डावा अंगठा नखापासून पेरापर्यंत मायलीच्या डोळ्यात गेला. ओनी हातभर अंतरावर होता. त्याला दिसलं, आणि ऐकूही आलं. बर्नीच्या रुंद पाठीमुळं बाकी कुणाला काही दिसलं नाही. मायली गुडघ्यांवर बसून ओरडत होता आणि तीनशे लोक ओनीच्या तोंडाकडे बघत होते. ओनीनं पहिल्या रांगेतले कोयते मोजायला घेतले, सातव्यावर मोजणं सोडलं आणि म्हणाला, बुक्की होती, झुंज फेअर होती.

त्या शब्दानं त्या दिवशी पाच-सात मढी पडायची वाचली, हे खरं. मायलीचा डोळा गेला आणि वर तो खोटारडा ठरला, हेही खरं. ओनीनं दोन्ही गोष्टी मनात शेजारीशेजारी ठेवल्या आणि कुठली जड हे कधी पाहिलं नाही. आठ वर्षांनी त्यानं विनी मायलीच्या थोरल्या मुलाला दिली. लोकांना वाटलं, काय समतोल माणूस आहे.

गेल्या वर्षी बर्नी पर्सेल वारला. त्याच्या वर्षदिनाच्या, चर्चमधल्या मिस्सेनंतर मायलीचा धाकटा मुलगा ह्यूई पबमध्ये तिसऱ्या ग्लासाला म्हणाला, की आता बर्नीला वर विचारतील, अंगठा की बुक्की, आणि तिथं साक्षीला ओनी फॉकनर नसणार. हे वाक्य बर्नीच्या मुलापर्यंत, सायमीपर्यंत, पोचायला वीस मिनिटं लागली. आठवड्याच्या आत दोघांच्या आव्हानाच्या व्हिडिओ कॅसेटी फिरायला लागल्या. उघड्या अंगानं ट्रेलरच्या, म्हणजे आपल्या चाकांवरच्या घराच्या, दारात उभं राहायचं आणि समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. नाताळच्या आधीचा शनिवार ठरला.

जागा दलदलीतून जाणारा सरळ रस्ता, दोन्ही अंगांना काळं पाणी, सगळ्यात जवळचं घर दोन मैलांवर. घोड्यांच्या बाजारातल्या त्या गर्दीनंतर घरच्या माणसांनी झुंजीला यायचं नाही हा नियमच झाला होता, त्यामुळं उजाडताना तिथं चौघंच होते. सायमी, ह्यूई, ओनी, आणि व्हिडिओ कॅमेरा घेतलेला पा हार्टी. या पा हार्टीची दोन्हीकडे सोयरीक नव्हती, कारण त्याच्या जिभेमुळं त्याला कुणी मुलगी दिली नव्हती.

ओनीनं दोघांचे हात उलटसुलट करून पाहिले. मुठीत काही नाही, बोटांत काही नाही. सायमीच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता, ह्यूईच्या हातांना मिठाच्या पाण्याचा, कातडी टणक व्हावी म्हणून. दोन्ही चालतं. मग त्यानं खिशातून छोटी कात्री काढली आणि दोघांच्या अंगठ्यांची नखं मुळापर्यंत कापली. असं दुसरा कुठलाही पंच करत नाही.

"नेलपॉलिशपण लाव, म्हणजे पोरी आवडीनं बघतील," पा कॅमेऱ्यामागून म्हणाला.

ओनीनं नियम सांगितले. चावायचं नाही, डोक्यानं मारायचं नाही, कमरेखाली नाही. पडलेल्याला हात नाही आणि पाय नाही. तो उठेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागो. नियम मोडला तो हरला, 'मानलं' म्हणाला तोही हरला. आणि जो हरला त्याचं म्हणणंही त्याच्याबरोबर हरलं. हे शेवटचं वाक्य त्या दोघांना सांगायची गरज नव्हती. आपल्याकडं शब्दाचा निकाल शब्दानं लागत नाही.

पहिली बुक्की ह्यूईची. तो सत्तावीसचा, काटक, लांब हातांचा. सायमीचा वरचा ओठ दातांवर फाटला. सायमी हसला तेव्हा रक्त हनुवटीवरून छातीच्या केसांत उतरलं. तो चौतीसचा, बापासारखा रुंद, आणि बापासारखाच आधी मार खाऊन मग आत घुसणारा. तो घुसला आणि त्याची मूठ ह्यूईच्या बरगड्यांखाली मनगटापर्यंत रुतली. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज झाला.

उघड्या मुठींची झुंज बघण्यापेक्षा ऐकण्याची जास्त असते. मांसावर मूठ बसली तर एक आवाज, हाडावर बसली तर दुसरा, आणि दोघांत कुणाचं हाड मोडलं हे कानाला डोळ्यांच्या आधी कळतं. दहा मिनिटांत सायमीची डावी भुवई उघडली आणि कातडीचा तुकडा पापणीवर लोंबायला लागला. ह्यूईचं नाक एका गालाकडे सरकलं. गोठलेल्या पांढऱ्या दवावर रक्ताचे शिंतोडे आणि त्यावर बुटांचे ठसे. एकदा सायमी आडवा झाला, तेव्हा ह्यूई दोन पावलं मागं सरून मुकाट उभा राहिला. एकदा ह्यूई झोकांड्या खात पाण्याच्या कडेला गेला, ओनीनं त्याला दंडाला धरून रस्त्याच्या मधोमध आणून ठेवला.

पा हार्टीनं ह्यूईला विनंती केली, की नाक जरा इकडच्या बाजूला घे, कॅसेटमध्ये तोंड ओळखू येत नाही.

विसाव्या मिनिटाला ह्यूईचा उजवा हात मोडला. सायमीनं ऐन वेळी डोकं खाली घातलं आणि बुक्की कवटीवर बसली. वाळकी फांदी मोडल्यासारखं झालं. करंगळीमागचं हाड कातडीखाली तंबूच्या खुंटीसारखं उभं राहिलं. ह्यूई तरीही त्याच हातानं मारत राहिला, आणि प्रत्येक बुक्कीला मार खाणारा गप्प आणि मारणारा किंचाळतोय, असं उलटंच दृश्य झालं. सायमीनं त्याला तीनदा पाडला. तिन्ही वेळा तो आधी गुडघ्यांवर आला, रस्त्यावर लाल थुंकला, मग उठला. चौथ्यांदा पडायच्या आधी त्यानं डाव्या हातानं सायमीच्या कानशिलावर अशी एक ठेवून दिली की सायमी जागच्या जागी एक गिरकी घेऊन परत तोंड करून उभा राहिला, कुणीतरी फिरवल्यासारखा.

त्यानंतर सायमीच्या कानातून पातळ, पाणी मिसळल्यासारखं रक्त यायला लागलं.

ओठातलं रक्त, नाकातलं, भुवईतलं, हे ओनीच्या लेखी रक्तच नव्हतं. कानातलं त्यानं आजवर दोनदा पाहिलं होतं. पहिल्या वेळचा माणूस आता भावाच्या ट्रेलरमध्ये बसून असतो आणि त्याला चमच्यानं भरवावं लागतं. दुसऱ्या वेळच्या माणसाचं दफन ओनीनं स्वतः खांदा देऊन केलं होतं. त्यानं मध्ये शिरून दोघांच्या छातीवर तळवे ठेवले आणि म्हणाला, बरोबरी देतो, दोघंही मर्द ठरलात, हात मिळवा आणि घरी जाऊन चहा प्या.

सायमीनं त्याला बाजूला लोटला. बापाच्या थडग्यासमोर बरोबरी घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ, असं काहीतरी तो म्हणाला. शब्द एकमेकांत चिकटले होते, निम्मे कळलेच नाहीत. ओनीला ते बोलणं ऐकून थंडी वाजली. आणखी पाच-सहा बुक्क्या हा उभ्यानं खाईल, आणि मग उठणारच नाही. आणि कशासाठी, तर बावीस वर्षांपूर्वी ओनी फॉकनर जो शब्द बोलला तो खरा होता हे सिद्ध करण्यासाठी.

ह्यूई मोडका हात काखेत धरून वाकून उभा होता. दम लागला होता, पण डोकं चालत होतं.

"ओनीकाका," तो म्हणाला, "एक विचारू? तू सगळी नखं नाही कापत. अंगठ्याचीच कापतोस. माझ्या भावाच्या झुंजीत कापलीस, टॉमी बेरीच्या झुंजीत कापलीस. का?"

"आधी हात मिळवा. मग सांगतो."

"आधी सांग."

"सांग की मामा," सायमी म्हणाला. नॅन त्याची चुलती, म्हणून ओनी त्याचा मामा. "सांगून टाक याला एकदा. म्हणजे निजवतो याला."

ओनीच्या जवळ उत्तर तयार होतं. सवय, असं म्हणायचं. वय झालं की माणसाला खोडी लागतात. एवढं म्हणून तो मागं सरला असता तर झुंज पुढं चालली असती, एकतीसच्या बत्तीस झाल्या असत्या, आणि संध्याकाळी नॅनच्या तळावर बायकांनी, मयताच्या घरी झाकतात तसे, आरसे झाकले असते. त्यानं सायमीच्या कानाकडे पाहिलं. रक्त मानेवरून आता खांद्यापर्यंत आलं होतं. त्यानं पा हार्टीला विचारलं, कॅमेरा चालू आहे का. पा म्हणाला, चालू आहे.

"बर्नी पर्सेलनं मायली कॉलीच्या डोळ्यात अंगठा घातला होता," ओनी कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाला. "डावा. मी हातभर अंतरावरून पाहिला. ती झुंज फेअर नव्हती आणि मी फेअर म्हणालो."

पा हार्टीनं कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं आणि ओनीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

ह्यूई रस्त्यावर बसला. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा हे त्या मोडक्या नाकातून ओळखणं कठीण होतं. "बावीस वर्षं," तो म्हणाला. "लोक त्याला काणा म्हणाले असते तर चाललं असतं. खोटारडा म्हणाले, काका. तुझी विनी त्याला जेवायला वाढते रोज."

ओनी सायमीकडे बघत होता, कारण आता जे यायचं ते तिकडून यायचं होतं.

सायमी खूप सावकाश बोलला, एकेक शब्द जिभेवर नीट ठेवून. "माझा बाप मातीत गेल्यावर तुला आठवलं."

"हो."

"तो असता तर तुझं तोंड फोडलं असतं त्यानं."

"फोडलं असतं."

"मग ते काम मला करावं लागणार. काढ शर्ट, मामा."

यात सायमीचं काही चुकलं, असं आपल्यातलं कुणी म्हणणार नाही. मेलेल्या माणसावर आरोप करायचा तर त्यामागं स्वतःचं अंग उभं करावं लागतं. ओनीला ते दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. त्यानं 'मानलं' म्हटलं की त्याचं म्हणणं पुसलं जाणार, बर्नीची झुंज पुन्हा फेअर होणार, आणि सायमी तोच कान घेऊन पुन्हा ह्यूईसमोर उभा राहणार. बासष्ट वर्षांचा माणूस, उजवा गुडघा घोड्यानं निकामी केलेला, वरची दातांची कवळी. ह्यूई म्हणाला, मी उभा राहतो याच्या बदली. सायमी म्हणाला, तुझी पाळी नंतर, आत्ता तू पंच हो. कॅमेरावाल्यानं पंच व्हायचं नसतं, म्हणजे दुसरा होता कोण? बापाचा डोळा गेलेल्या माणसालाच आता दोघांना सारख्या नजरेनं बघायचं होतं.

ओनीनं कवळी काढून रुमालात बांधली, रुमाल पा हार्टीच्या खिशात घातला आणि शर्ट काढला. छातीवरचे केस पांढरे, दंडांची कातडी सैल. थंडीनं अंगावर काटा आला होता आणि तो लपवता येत नव्हता.

सायमीची पहिली बुक्की गालाच्या हाडावर आली. हाड आत दबलं आणि त्या बाजूचं जग ओनीला पाण्याखालून दिसायला लागलं. दुसरी छातीवर. तिसरीनं त्याची जीभ त्याच्याच खालच्या दातांत सापडली आणि तोंड गरम रक्तानं भरलं. ओनी मारत होता, पण पोटावर, खांद्यावर, दंडांवर. डोक्याच्या दिशेनं त्यानं एकदाही हात उचलला नाही. ह्यूईच्या ते लक्षात आलं. त्यानं एकदा डोक्यावर मार अशी खूणही केली, मग आपण पंच आहोत हे आठवून हात खाली घेतला.

पहिल्यांदा पडला तेव्हा ओनी लगेच उठला. दुसऱ्यांदा उठायला त्याला बराच वेळ लागला. गुडघा वळेना, म्हणून आधी हातांवर, मग एका पायावर, मग दुसऱ्या. सायमी श्वास टाकत उभा होता, मुठी सोडत नव्हता. ओनी सरळ होतोय न होतोय तोच सायमीनं उजवी मूठ खालून वर आणली आणि ती बरगड्यांत अशी शिरली की दोन बरगड्या एकापाठोपाठ मोडलेल्या पा हार्टीनंसुद्धा ऐकल्या. ओनी कुशीवर पडला. तोंड रस्त्याच्या खडीवर, एक हात अंगाखाली.

तो पडून राहिला.

"उठ," सायमी म्हणाला.

ओनीनं डोळे उघडे ठेवले होते. श्वास घेतला की तोंडासमोर लाल बुडबुडा यायचा आणि फुटायचा. 'मानलं' म्हणायला एवढासा श्वास पुरला असता, पण तो म्हणाला नाही. उठलाही नाही.

पाच मिनिटं गेली असतील. सायमीनं ह्यूईकडे पाहिलं. ह्यूई म्हणाला, तो अजून मानलं म्हणालेला नाही, तू मागं हो. सायमी मागं झाला. दहा मिनिटं गेली. घाम सुकला तशी थंडी सायमीच्या अंगात शिरली, खांदे उडायला लागले. उघड्या भुवईवरचं रक्त गोठून पापणी चिकटली होती. तो म्हणाला, हा असाच पडून राहिला तर संध्याकाळपर्यंत उभं राहायचं का आम्ही. ह्यूई म्हणाला, नियम त्यानंच सांगितला होता सकाळी, कितीही वेळ लागो.

"हे फेअर आहे का?" सायमीनं विचारलं.

"आहे."

ओनी खडीवर गाल ठेवून सायमीच्या बुटांकडे बघत होता. पर्सेलांची माणसं तो पन्नास वर्षं ओळखत होता. ती मार खातात, मार देतात, भुकेली राहतात, तुरुंगात जातात, वर्षानुवर्षं राग धरतात. एकच गोष्ट त्यांना जमत नाही. त्यांना थांबता येत नाही. बर्नी आणखी दोन मिनिटं थांबला असता तर त्या दिवशी सरळ बुक्कीनं जिंकला असता. मायलीचे पाय तेव्हाच गेले होते.

"उठ, म्हाताऱ्या," सायमी म्हणाला. "बोल काहीतरी. माझ्या बापाला लबाड म्हणालास, आता उठ." तो रस्त्याच्या कडेपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. पा हार्टीला तो म्हणाला, कॅमेरा बंद कर. हार्टीनं बंद केला नाही. सायमी पुन्हा परत आला, ओनीच्या डोक्याशी उभा राहिला, आणि मग त्यानं पाय मागं नेऊन लाथ घातली. पहिली मोडलेल्या बरगड्यांवर. ओनीचं सबंध अंग रस्त्यावरून वीतभर सरकलं. दुसरी पोटात. तिसरी ओनीनं तोंडासमोर धरलेल्या हातावर बसली आणि दोन बोटं उलटी वळली. मग ह्यूई मोडक्या हातासकट सायमीच्या पाठीवर जाऊन पडला आणि दोघं गुंतून काळ्या पाण्याच्या कडेला गेले.

तिथं सायमी शांत झाला. उठून बसला आणि आपल्या उजव्या बुटाकडे बघत राहिला. बुटाच्या टोकावर ओनीच्या छातीचे पांढरे केस चिकटले होते. आपण काय केलं हे त्याला सांगायची गरज नव्हती, पण पंचाला सांगावं लागतं. ह्यूईला दम खाऊन मगच बोलता आलं. "फेअर नव्हतं हे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

"माहीत आहे मला," सायमी म्हणाला.

म्हणजे सायमी हरला, आणि त्याच्याबरोबर त्याचं म्हणणं. मायली कॉलीच्या डोळ्यात अंगठा गेला होता, हे आता कॅसेटवर होतं आणि कुणालाही पुसता येणार नव्हतं. सायमी गुडघ्यांवर रांगत ओनीपर्यंत आला. जवळून त्याचा चेहरा मारणाऱ्याचा वाटत नव्हता, मार खाल्लेल्याचाच वाटत होता.

"मामा, तुला उठता येत होतं का?"

ओनीनं रक्त गिळलं. "शेवटपर्यंत नाही. पहिली पाच मिनिटं येत होतं."

"मग मुद्दाम पडून राहिलास."

"हो."

सायमीनं ह्यूईला खुणेनं बोलावलं. मग दोघांनी ओनीला उचलला, सायमीनं काखांत हात घालून आणि ह्यूईनं एका हातानं पाय धरून. बरगड्या एकमेकींवर घासल्या तेव्हा ओनी जो ओरडला त्यानं दलदलीतले पाणपक्षी उडाले. पा हार्टीच्या व्हॅनमध्ये मागं त्याला घोड्याच्या घोंगडीवर निजवला. हार्टीनं गाडी चालवली. रक्त घशात जाऊ नये म्हणून सायमीनं त्याचं डोकं एका कुशीला धरून ठेवलं होतं, आणि ह्यूईनं सायमीच्या कानावर आपला शर्ट दाबून धरला होता, हॉस्पिटलात तुझ्याही डोक्याचं चित्र काढायला सांग, असं बजावत.

हॉस्पिटल एकवीस मैलांवर. पहिले चार मैल मागं पडले. मग सायमी म्हणाला, की उठता येत असताना पडून राहायचं, समोरच्याला चिडवायला, हे काही फेअर नाही. ह्यूई म्हणाला, नियमात कुठं लिहिलंय. सायमी म्हणाला, सगळं नियमात लिहिलेलं असतं का, तुझ्या बापाच्या वेळी तरी कुठं लिहिलेलं होतं. ह्यूई म्हणाला, बापाचं नाव काढू नकोस, तो विषय संपला, पण लाथ मारायला तुला कुणी सांगितलं होतं? पा म्हणाला, मला विचाराल तर दोन्ही फेअर नव्हतं. त्यावर दोघंही त्याच्यावर एकदम ओरडले, की तुला कुणी विचारलंय, पुढं बघून चालव.

गाव येईपर्यंत ते भांडण चालू होतं, ओनीच्या अंगावरून, इकडून तिकडे. ओनी एका डोळ्यानं व्हॅनच्या पत्र्याकडे बघत ऐकत होता. त्याचं मत कुणीही विचारलं नाही.